राबातलं वारूळ

बाळंतीण माहेरी आली की त्या घरात राज्य आजीचं. पाणी किती कढत हवं, धुरीत ओवा किती टाकायचा, बाळाच्या कानाला फडकं कसं गुंडाळायचं, या बाबतीत ती डॉक्टरचंही ऐकत नाही. मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! पण अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात, कर्जतपासून तीन मैलांवर उल्हास नदीकाठच्या एका गावात, गजाभाऊंच्या घरी सगळं उलटंच चाललं होतं. लेक हिरू बाळंत होऊन आठ दिवस झाले होते आणि आजीनं, म्हणजे गोदूबाईनं, नातीला अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं.

कामात ती कुठं कमी पडत होती असं नाही. पहाटे उठून पाणी तापवायची, हळद आणि डाळीचं पीठ कालवून ठेवायची, हिरूसाठी अळिवाचे लाडू वळायची. पण बाळाला पायांवर घ्यायची वेळ आली की हळूच उठून चुलीशी जाऊन बसायची. न्हाऊ घालायला शेजारची चिमाकाकी यायची.

आठव्या दिवशी हिरूनं विचारलंच, "आये, तू का नाय गं घेत हिला?"

"माजं हात खरबरीत हायत. चिमाकाकीचा हात मऊ."

चिमाकाकीनं आपल्या हातांकडं पाहिलं. चाळीस वर्षं भाताची लावणी करून तयार झालेले आपले हात मऊ आहेत, हे तिलाही त्याच दिवशी कळलं. पण ती शहाणी बाई, काही बोलली नाही.

ती गेल्यावर हिरूचा बांध फुटला. "मला कळतंय गं सगळं. पोरगी झाली म्हणून ना? पोरगा असता तर खाली ठेवला नसतास!"

गोदूबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाचा अर्थ लेकीनं आपल्या परीनं लावला. "बाराव्याला बारशाला सासरची माणसं येतील ना, त्यांच्याबरोबरच जाईन मी. तीन महिने राहून कुनाला जड नाय व्हायचं मला."

आता वाचकहो, तुम्हीही हेच म्हणत असाल, की काय ही आजी! पण जरा थांबा. गोदूबाईला ती नात जिवापलीकडं हवी होती. हवी होती म्हणूनच ती तिला हात लावत नव्हती.

त्याचं कारण होतं राबात.

आमच्या भागात भात पेरण्याआधी रोपाची जागा भाजून घेतात. वाळका पाला, टहाळ, शेण थरावर थर पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. त्याला म्हणतात राब. गजाभाऊंच्या राबाच्या बांधाशी एक वारूळ होतं, पुरुषभर उंच. लग्न होऊन आल्यापासून दर नागपंचमीला गोदूबाई तिथं दूध-लाह्या वाहायची. राब भाजताना वारुळाच्या भोवती चार हात जागा कुदळीनं साफ करून ठेवायची आणि एकानं ओली फांदी घेऊन तिथं उभं राहायचं, हा त्यांच्या घरचा नेम. एक पेटवणारा, एक राखणारा.

त्या वर्षी गजाभाऊंना रजा मिळेना. ते कर्जत स्टेशनात पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे. शिमगा तोंडावर आला, सगळ्यांचे राब भाजून झाले, तेव्हा गोदूबाईनं एकटीनंच काडी लावली. पेटवणारीही तीच आणि राखणारीही तीच. घाटाकडून वारा अचानक फिरला. ती फांदी घेऊन धावेपर्यंत बांधावरचं गवत पेटलं आणि वारूळ जाळात सापडलं.

जाळ विझल्यावर तिनं पाहिलं, वारुळाचा शेंडा ढासळला होता. आतून मुंग्या बाहेर येत होत्या. तोंडात पांढरी पांढरी अंडी धरून, गरम राखेवरून, जिथं वाट दिसेल तिथं.

पाचव्या दिवशी तिला जाणवलं की मुंग्या आपल्या कातडीखालून चालताहेत. मनगटापासून कोपरापर्यंत, मग पाठीवर. खाजवलं तरी काही नाही, पाहिलं तरी काही नाही! मग छातीतून एकदम जाळ निघायचा, मानेवरून कानापर्यंत चढायचा, पोलकं भिजून जायचं. काळीज असं धडधडायचं की आता तोंडातून बाहेर पडेल. एकदा तर डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसला आणि हातातला तांब्या निसटला. जीभ मिरची लागल्यासारखी जळायची, आणि खाल्लेली असायची पेज!

गोदूबाईनं हिशोब जुळवला. आपण त्यांना जाळलं, म्हणून अंगात जाळ. त्या आपल्या अंगात शिरल्या, म्हणून मुंग्या. आणि त्यांची पिल्लं गेली, म्हणून त्या आपल्याकडून पिल्लूच मागणार. हिरूला तेव्हा सातवा महिना होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, एकटीनं राब का पेटवलास. लेकीला सांगावं तर पोटुशी पोर घाबरणार. ती दुपारी गुपचूप वारुळाशी जाऊन दूध ओतायची आणि म्हणायची, "माजं काय करायचं ते करा, पोरीच्या लेकराला हात लावू नका." आणि बाळ जन्मल्यावर आपणच हात लावायचा नाही, म्हणजे आपल्या अंगातलं तिच्या अंगात जाणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

नवव्या दिवशी आरोग्य केंद्राच्या नर्स मोतीबाई बाळ बघायला आल्या. खालापूरकडच्या बाई, पन्नाशी ओलांडलेल्या, खांद्याला पिशवी आणि पायात झिजलेल्या चपला. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन पाणी मागायचा त्यांना हक्क होता. त्यांनी बाळाचं वजन केलं, नाळ बघितली, हिरूची चौकशी केली. तेवढ्यात त्यांची नजर चुलीकडं गेली. गोदूबाई भाकरी थापता थापता ताडकन उठली. तोंड लालबुंद. मागच्या पडवीत जाऊन तिनं रांजणातलं पाणी ओंजळीनं तोंडावर मारलं आणि दोन्ही हात कराकरा खाजवू लागली.

मोतीबाई मागोमाग गेल्या. "हे ओरखडे कशाचे हो, गोदूबाई?"

"मांजर."

"मांजर दोन्ही हातांना मोजून सारखं ओरबाडतं होय?"

गोदूबाई खांबाला टेकली. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. राब, वारा, वारूळ, ती पांढरी अंडी, अंगातला जाळ. "बाई, माज्या अंगात त्या हायत. मी पोरीला शिवले तर तिच्यात जातील. माजी हिरू म्हणते, मुलगी झाली म्हणून मी हात लावत नाय. म्हणू दे. लेकरू जगलं म्हणजे झालं."

मोतीबाई हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग पडवीच्या कडेला बसल्या आणि शेजारची जागा हातानं थोपटली. "बसा. मला एवढंच सांगा, पाळी येते का अजून?"

गोदूबाईनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "वरीसभर मागंपुडं होत हुती. दिवाळीपास्नं नाय."

"हे घरात कुणाला माहीत आहे?"

कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं! महिन्याचे चार दिवस बाजूला बसणारी बाई बसेनाशी झाली की ते लपत नाही. वेळेवर भाकरी मिळू लागली, देवाचं करायला घरात कायमचं माणूस झालं, एवढाच त्याचा अर्थ घरानं लावला होता. त्या बाईच्या अंगात काय चाललंय, हे विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या-आमच्या घरी तरी कुठं येतं?

"राब भाजला शिमग्याच्या तोंडावर," मोतीबाई म्हणाल्या. "आणि हे गरम होणं, घाम, मुंग्या, हे पहिल्यांदा कधी झालं? नीट आठवून सांगा."

"त्याच्या पाचव्या दिवशी."

"नाय."

दोघींनी वळून पाहिलं. दारात गजाभाऊ उभे होते. रात्रपाळी करून आले होते आणि झोपले असतील असं सगळ्यांना वाटत होतं. बायकांच्या बोलण्यात पडायची त्यांना सवय नव्हती. नजर जमिनीकडंच होती.

"नाय, त्याच्या आदी," ते म्हणाले. "पौषात. मी दोन घोंगड्या घेऊन झोपायचो आनि ही गोधडी फेकून अंगणात जाऊन बसायची. उघड्यावर! मी म्हटलं, झोप नसंल येत."

"अवो, ते आपलं उगंच…"

"आनि मुंग्या बी. हात चोळत बसायचीस. मला म्हणालीस, खाटंला ढेकूण झालं. विसरलीस व्हय? संक्रातीच्या आदी आख्खी खाट मी उन्हात काढली, सुतळी सोडली, कढत पानी ओतलं. एक ढेकूण निगाला नाय!"

गोदूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. खाट. खरंच, ती खाट! अंगणात उलटी पडलेली, गजाभाऊ वाकून एकेक भोक तपासताहेत, आणि ती आपली म्हणतेय, नीट बघा, असतील.

"म्हणजे बघा," मोतीबाई म्हणाल्या, "मुंग्या चालल्या पौषात आणि वारूळ जळलं फाल्गुनात! गुन्हा व्हायच्या दोन महिने आधीच शिक्षा निघाली होती का, गोदूबाई?"

रांजणातून पाणी ठिबकत होतं.

"पाळी जाताना असं होतं," मोतीबाई पुढं म्हणाल्या. "तीस-पस्तीस वर्षं अंगातले काही रस ते काम बघत असतात. ते कमी व्हायला लागले की शरीर बावचळतं. कुणाला जाळ उठतो, कुणाला धडधडतं, कुणाची जीभ जळते, कुणाच्या कातडीखाली मुंग्या चालतात. माझ्या तर कानात दोन वर्षं इंजिन शिट्टी मारत होतं. नर्स असून मी घाबरले होते, तर तुमची काय कथा! गजाभाऊ, घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडता ना तुम्ही? वर गेल्यावर ते सुटतं तेव्हा धक्का बसतो की नाही?"

"बसतो की."

"मग गाडी मोडली म्हणता का?"

"कशाला म्हणू? घाट संपला, इंजिनाचं काम झालं."

"बास, तेवढंच झालंय इथं. तरी छातीत धडधडतंय, तर उद्या कर्जतला डॉक्टरांना दाखवून घ्या. सगळंच दुखणं यातलं म्हणून अंगावर काढायचं नसतं. आणि पाळी वर्षभर थांबून पुन्हा अंगावर जायला लागलं, तर एक दिवस घालवू नका, थेट माझ्याकडं या. पण शाप नाही हा. आणि हात लावल्यानं कुणाला जात तर मुळीच नाही."

गोदूबाईनं डोळे पुसले. "पन बाई, ती अंडी? ती तर जळलीच ना?"

"जळली," मोतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचं वाईट वाटतं तर वाटू दे. मन मऊ आहे तुमचं, म्हणून वाटतं. पण मन मऊ असणं निराळं आणि स्वतःला गुन्हेगार ठरवून नातीपासून तोडून घेणं निराळं."

दाराच्या आड हिरू उभी होती. बाळाला छातीशी धरून तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडत रडतच बाहेर आली. "आये, मी तुला काय काय बोलले गं! तू मला सांगितलं का नाय?"

"काय सांगू बाय? असलं कधी बोललोय का आपुन?"

हिरूनं बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "नाय बोललो. मला पयल्यांदी आली ना, तवा मला वाटलं, मी आता मरते. तुला सांगितलं तर तू निसतं म्हणालीस, बाजूला बस. मी चार दिवस मरायची वाट बघत बसले होते, आये."

गोदूबाईला ते चार दिवस आठवले. बारा वर्षांची ती पोर पडवीच्या कोपऱ्यात मरणाची वाट बघत होती आणि आपण आत भाकऱ्या भाजत होतो! आपल्यालाही आपल्या आईनं तेवढेच दोन शब्द सांगितले होते. आणि आता पाळी जाताना, तीच आपण, त्याच पडवीत, तशाच घाबरून बसलोय.

भीती काही वादात हरली म्हणून लगेच घर सोडून जात नाही. त्या दिवशीही गोदूबाईनं बाळाला घेतलं नाही. कुणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी गजाभाऊ तिला कर्जतला घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. काळीज ठणठणीत आहे, रक्त थोडं कमी आहे, गोळ्या घ्या आणि नाचणी खा, असं सांगितलं. मोतीबाईंनी सांगितलं तेच त्यांनीही सांगितलं, फक्त कमी शब्दांत.

परतताना गजाभाऊ नेहमीची वाट सोडून शेताच्या बांधानं निघाले.

"हिकडनं कशाला?" गोदूबाई वाटेवरच थांबली. बाळ आल्यापासून ती इकडं फिरकली नव्हती.

"चल तर."

राब काळा पडला होता. बांधाशी ते वारूळ, एका अंगानं धुरानं माखलेलं. पण ढासळलेल्या शेंड्यावर नवी माती चढली होती. ओलसर, तांबूस, कुणी चिमटीनं लावल्यासारखी. गोदूबाई वाकली. बारीकशा भोकातून त्या वर येत होत्या, मातीचा कण ठेवून पुन्हा आत जात होत्या. खाली, जिथं जाळ पोचला नाही, तिथं त्यांचं घर तसंच होतं.

"परवा ड्युटीवरनं येताना बगितलं मी," गजाभाऊ म्हणाले. "तुला एवढं लागलंय हे ठाव असतं तर तवाच सांगितलं असतं. पुडच्या साली दोघांनी मिळून भाजू. रजा मिळू दे नाय तर नको मिळू."

मग ते घसा खाकरून म्हणाले, "आनि रात्री अंगणात बसावंसं वाटलं तर मला उठव. मी बी बसन."

तीस वर्षांच्या संसारात गजाभाऊ इतकं लांब कधी बोलले नव्हते. गोदूबाईनं पदर तोंडाला लावला.

अकराव्या दिवशी चिमाकाकी आली तेव्हा न्हाणीच्या दगडावर गोदूबाई आधीच पाय पसरून बसली होती. हिरूनं बाळाला आईच्या पायांवर पालथं ठेवलं. एवढासा जीव, मूठभर पाठ! गोदूबाईनं हातावर तेल घेतलं आणि पहिल्यांदा नातीच्या पाठीवरून हात फिरवला.

आणि नेमका तेव्हाच छातीतून जाळ निघाला. मानेवर चढला, कपाळावर घाम डवरला, मनगटापासून मुंग्या चालू लागल्या. तिचा हात थबकला. चिमाकाकी बाळ उचलायला पुढं वाकली.

"आये?" हिरू घाबरून म्हणाली.

गोदूबाईनं एक लांब श्वास घेतला. "काय नाय गं. आलंय. जाईल." आणि डाव्या हातानं बाळाला धरून तिनं उजव्या हातानं पाण्याची धार सोडली. ऊन पाणी अंगावर पडताच पोरीनं असा टाहो फोडला की सगळ्या हसायला लागल्या. हसता हसता तो जाळ केव्हा उतरला, ते गोदूबाईला कळलंसुद्धा नाही.

बारशाला सासरची माणसं आली, घुगऱ्या खाऊन हात हलवत परत गेली. हिरू चांगली साडेतीन महिने राहिली. आणि पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या तेव्हा गोदूबाईनं आपली सगळी हकीकत त्यांना सांगितली, खाट आणि ढेकणांसकट. आधी बायका हसल्या. मग चिमाकाकी हळूच म्हणाली, "माजी जीभ जळायची गं. मला वाटलं, मी सासूला टाकून बोलले त्याचं हाय." त्या दुपारी त्या पाळण्याभोवती काय काय निघालं, काय सांगावं! एवढ्या बायका, आणि प्रत्येकीनं आपापला गुन्हा शोधून ठेवलेला.

वाचकहो, आपल्या घरातल्या आईला, बायकोला, बहिणीला या वयात काय होतंय, हे आपण विचारलं पाहिजे. पाळी येते तेव्हा पोरीला सांगितलं पाहिजे आणि जाते तेव्हा बाईला विचारलं पाहिजे. यात लाज कसली? गप्प बसलं की अंगातल्या साध्या बदलाचा शाप होतो आणि मायेचं माणूस परकं वाटू लागतं. डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी घरातल्या कुणीतरी शेजारची जागा थोपटून "बस" म्हणायला हवं.

गोदूबाईनं ते त्याच उन्हाळ्यात सुरू केलं. नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना ती तिच्या कानाशी वाकून म्हणायची, "बाय माजे, मोठी झालीस की तुला येईल, आनि म्हातारपनाकडं झुकलीस की जाईल. दोन्ही टायमाला घाबरायचं नाय. तुला आजीनं सांगून ठेवलंय, बरं का."